समुपदेशक मुलीशी काय बोलल्या ते मला सांगत नाहीत. आई म्हणून मी काय करू?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

लेक १६ वर्षांची. अकरावी सायन्स, नीटची तयारी करतेय. दहावीला ९४ टक्के होते. कॉलेजात फक्त नाव घातलंय, खरा दिवस जातो तो क्लासमध्ये. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो, क्लास कॉलेज रोडच्या बाजूला. दिवाळीनंतर क्लास सुरू झाला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. रोज सकाळी सव्वासहाला. आंघोळ झालेली असते, डबा भरलेला असतो, आणि बूट घालताना ती पोट धरून खालीच बसते. दोनदा उलटी झाली. साडेदहा-अकरापर्यंत बरी होते. रविवारी काहीच नसतं. त्यामुळे मिस्टर म्हणाले, नाटकं आहेत, मोबाइल काढून घे. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनीच सांगितलं की एकदा समुपदेशकांना भेटा.

तिच्याकडून एवढंच कळलं की क्लासमध्ये दर पंधरा दिवसांनी टेस्ट होते, मार्कांप्रमाणे बॅच बदलते आणि नावांची यादी दाराशी लावतात. ती पहिल्या बॅचमधून तिसरीत गेली होती. आम्हाला पत्ताच नव्हता.

मागच्या शनिवारी गंगापूर रोडवरच्या एका बाईंकडे गेलो. पहिली दहा मिनिटं दोघी आत, मग मला बाहेर बसवलं. पाऊण तास दार बंद. मध्येच आतून रडण्याचा आवाज आला. मी उठून उभी राहिले, पण आत गेले नाही. बाहेर आल्यावर बाईंना विचारलं, काय म्हणाली? त्या म्हणाल्या, "तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. जिवाला धोका वाटावा असं काही असतं तर मी तुम्हाला लगेच आत बोलावलं असतं." बस, एवढंच.

येताना स्कूटरवर मी तिला तीनदा विचारलं. एकदा सिग्नलला, एकदा मुंबई नाक्याला, एकदा खाली पार्किंगमध्ये. रात्री ती म्हणाली, "मी परत जाणार नाही. तू पण माझी टेस्टच घेतेस."

मला राग आलाय की वाईट वाटतंय तेच समजत नाहीये. सोळा वर्षं जिचं सगळं मी केलं, तिच्या मनातलं एका परक्या बाईंना कळावं आणि मला कळू नये? त्या बाईंचं बरोबर आहे का? दुसरीकडे नेऊ का? की सरळ मानसोपचारतज्ज्ञांनाच दाखवू?

सातपूरकर

ताई, वाचताना मला दोन वर्षांपूर्वीचा मीच दिसलो.

माझा मुलगा तेव्हा दहावीत होता. झोप नाही, चिडचिड, एकदा जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. मी कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, महिन्याला चार वेळा खासगी फी परवडणारी नव्हती. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे नेलं. सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट तपासणी मोफत झाली आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. गर्दी असते, बाकड्यावर दोन-दोन तास बसावं लागतं. पण डॉक्टरांनी मुलाचं नीट ऐकून घेतलं.

मलाही बाहेरच काढलं होतं. मी चिडलो होतो. नंतर त्यांनी मला एकट्याला बोलावलं आणि एकच काम दिलं. रोज दहा मिनिटं मुलाशी बोलायचं, पण अभ्यास, मार्क, मोबाइल हे तीन विषय सोडून. घरी आलो आणि लक्षात आलं की हे तीन विषय काढले तर माझ्याकडे त्याच्याशी बोलायला काहीच नाही. पहिले चार दिवस आम्ही दोघं गच्चीत नुसते उभे राहिलो. पाचव्या दिवशी गाडीचा कार्बोरेटर खोलला, तिथून सुरुवात झाली.

बाई बदलायची घाई करू नका एवढंच सांगतो.

औदुंबर

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच काम करते. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुमचा प्रश्न माझ्या खोलीबाहेरच्या खुर्चीवर दर आठवड्याला बसलेला असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या बाईंनी केलं ते बरोबर केलं. १८ वर्षांखालच्या मुलांच्या उपचाराला पालकांची संमती लागते. उपचार कशासाठी चाललेत, कुठल्या दिशेने चाललेत, घरी काय बदलायचं, हे पालकांना कळायलाच हवं. पण मूल काय वाक्य बोललं ते पालकांपर्यंत जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. तिला अपवाद आहेत आणि आम्ही ते पहिल्याच भेटीत मुलांसमोर सांगतो. स्वतःच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला धोका असेल, तर पालकांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे समुपदेशकाची मर्जी चालत नाही. तुमच्या बाईंनी "धोका असता तर आत बोलावलं असतं" असं सांगितलं, म्हणजे त्यांनी ही चौकट पाळली आहे.

आता पोटदुखी. ती नाटक नाही. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं, पचनाचं काम मागे पडतं, आतड्यांची हालचाल बदलते. दुखतं ते खरंच दुखतं. पण घरी थांबलं की अकरापर्यंत बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की थांबल्याने सुटका होते. उद्या तो आणखी लवकर आणि आणखी जोरात घंटा वाजवतो. म्हणून "नाटकं बंद कर" याचा जसा उपयोग नाही, तसा "राहू दे बाळा, नको जाऊस" याचाही नाही. उपचारात आम्ही पायऱ्या आखतो. आज फक्त बूट घालून जिन्यापर्यंत. दोन दिवसांनी क्लासच्या गल्लीपर्यंत जाऊन परत. मग शेवटच्या बाकावर अर्धा तास. प्रत्येक पायरीवर भीती वर चढते आणि तिथेच थांबलं तर आपोआप खाली येते, हे मुलाला स्वतःच्या अंगावर अनुभवावं लागतं. सांगून पटत नाही.

विचारांवरही काम होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. त्यामुळे मराठीत हे काम करायला शब्द तयार आहेत. मला तर वाटतं ही पद्धत मराठीसाठीच जन्मली असावी, कारण आपल्याकडे 'च' आहे. "मला पहिल्या बॅचमध्ये राहायचंय" ही इच्छा झाली. "मला पहिल्या बॅचमध्ये राहायलाच पाहिजे" हा हट्ट झाला, आणि तो पुरा झाला नाही की "मी कशाचीच नाही" इथपर्यंत मूल दोन पावलांत पोचतं. मी मुलांना वहीत वाक्यं लिहायला लावते आणि 'च' शोधायला सांगते. पंधरा वर्षांची मुलं अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांचे 'च' शोधून आणतात. बहुतेकदा पहिला सापडतो तो आई-बाबांचा.

पात्रतेबद्दल. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक या तिघांत औषध तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागितला तर कुणाला राग येऊ नये. 'समुपदेशक' या पाटीवर मात्र अजून प्रत्यक्षात फारसा चाप नाही. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन शनिवार-रविवारचं शिबिर करून पाटी लावलेलेही आहेत. शिक्षण काय, किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलंय, तुमच्या कामावर देखरेख कुणाची असते, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता का, हे सरळ विचारा. पहिल्या भेटीत पत्रिका मागणारे, "तीन सेशनमध्ये गॅरंटी" म्हणणारे किंवा मुलीसमोर तुम्हाला आणि तुमच्यासमोर मुलीला रागावणारे असतील, तर उठून या.

शेवटी एक विनंती. स्कूटरवर विचारू नका. बाहेर आल्यावर मुलीला पहिला प्रश्न "भूक लागलीय का?" एवढाच असू दे.

निफाडचा_बागाईतदार

सगळ्यांचा मान राखून लिहितो. आमच्या वेळेला हे काही नव्हतं. घरात पंधरा माणसं, आजीजवळ रडायचं, काकाच्या हाताखाली काम करायचं, मार खायचा, संध्याकाळी पारावर बसायचं. झालं समुपदेशन. आता घरात तीन माणसं आणि तिघांच्या हातात तीन मोबाइल. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन आपल्या पोराचं मन कळून घ्यायचं, हे मला पटत नाही. पोरांना शेतावर आणा, आठ दिवस माती लागू द्या अंगाला. क्लासच बंद करा की. डॉक्टर झालं नाही तर जग बुडत नाही.

खडूफळा

बागाईतदार काका, "डॉक्टर झालं नाही तर जग बुडत नाही" हे तुमचं वाक्य मी उद्या पालकसभेत वाचून दाखवणार आहे. पण बाकीच्याशी सहमत नाही.

मी दिंडोरी तालुक्यात माध्यमिक शाळेत २१ वर्षं शिकवतोय. शेतावर राहणारी, घरात आजी असणारी, मोबाइल नसणारी मुलंही माझ्यासमोर कोमेजलेली आहेत. पंधरा माणसांच्या घरातसुद्धा काही गोष्टी आजीला सांगता येत नाहीत. कधीकधी ज्याच्याबद्दल सांगायचं असतं तो त्याच पंधरातला असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले होते. माझ्या ६० च्या वर्गाला लावलं तर चार मुलं. मी हजेरी घेताना हल्ली ती चार कोण असतील हे बघत असतो. दंगा करणारी बहुधा नसतात. जी अचानक शांत होतात, डबा परत नेतात, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतात, चित्रकलेची वही देऊन टाकतात, ती.

आमच्याकडे खेड्यात सायकॉलॉजिस्ट कुठून आणायचा? दोन रस्ते आहेत. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, नंबर १४४१६, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः मुलाला शेजारी बसवून स्टाफरूममधून फोन लावून दिलाय. दुसरं म्हणजे राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यांत चालणारी मैत्री क्लिनिकं, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी. आणि मुलाला घरातच मारहाण किंवा छळ होत असेल तर चाइल्डलाइन १०९८.

धागाकर्तीताई, तुमच्या क्लासबद्दल. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत आणि त्यात खासगी कोचिंगही धरलंय. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा. मार्कांवरून बॅच पाडणं आणि सगळ्यांसमोर अपमान होईल असं काही करणं टाळायचं. दाराशी लावलेल्या यादीबद्दल लेखी पत्र द्या. एकट्या जाऊ नका, चार पालक मिळून जा. पण त्याआधी मुलीला विचारा. तिला वर्गात "हिच्या आईने तक्रार केली" हे नको असेल.

रात्रीचा_चहा

मी १९ वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी मीच त्या बंद दाराच्या आत बसायचे, म्हणून लिहितेय.

मी स्वतःला इजा करून घेत होते. का, कशी, ते लिहीत नाही, कारण हे कोण वाचत असेल माहीत नाही. एवढंच सांगते की मला मरायचं नव्हतं. आत इतकं साचायचं की शरीराला काही झालं की दोन मिनिटं थांबायचं. नंतर लाज. मग परत साचायचं. आईला उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बघून संशय आला.

पहिल्या तीन भेटींत मी काहीच खरं बोलले नाही. मॅडमना नाशिकची मिसळ कुठे चांगली मिळते हे सांगत बसले. मुद्दाम. मला बघायचं होतं की हे घरी पोचतं का. आईबद्दल एक खोटी गोष्टसुद्धा सांगितली होती मॅडमना, कळायला की ती घरी निघते का. नाही निघाली. चौथ्या भेटीत मी बाही वर केली.

ताई, तुमची मुलगी पहिल्याच भेटीत रडली. म्हणजे ती माझ्यापेक्षा खूप धीट आहे.

मॅडमनी मला सरळ विचारलं होतं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" आई नंतर म्हणाली की मी असं विचारलं असतं तर तुझ्या डोक्यात यायचं नसलं तरी आलं असतं. तसं नसतं. कुणीतरी तो शब्द उच्चारला म्हणून मला पहिल्यांदा श्वास घेता आला. त्यानंतर आम्ही एक कागद केला. साचायला लागलं की आधी काय करायचं, मग कुणाला मेसेज करायचा, घरातल्या कुठल्या वस्तू आईने आपल्याकडे ठेवायच्या. तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

माझ्या आईने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती काही करायची नाही. पार्किंगमध्ये गाडीवर बसून राहायची. मी आले की आम्ही उसाचा रस प्यायचो. ती रसवंतीवाल्याशी गप्पा मारायची, माझ्याशी नाही. सहा महिन्यांनी एकदा रस पिता पिता मीच सगळं सांगितलं. तिने ग्लास खाली ठेवला आणि फक्त माझा हात धरला, जिथे खुणा आहेत तिथेच.

एक विचारायचं होतं. तुमच्या मुलीला माहीत आहे का की तुम्ही तिच्याबद्दल इथे लिहिलंय?

गोदातीर (धागाकर्ती)

रात्रीचा_चहा, तुझा प्रतिसाद तीन वेळा वाचला. (तुला अगं म्हणते, चालेल ना?) शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं माझ्याकडे. नाही, तिला माहीत नाही. ज्या गोष्टीसाठी मी त्या बाईंवर रागावले होते, ती मीच करून बसले.

काल तिला सांगितलं. मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, वाच, तू म्हणशील तर काढून टाकते. तिने खोलीत जाऊन वाचलं. तासाभराने बाहेर आली. म्हणाली, "क्लासचं नाव नाहीये ना? मग राहू दे. पण यापुढे मला विचारून लिही." आणि औदुंबर, तुमचा तो 'च' तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलाय, मी चोरून पाहिलं नाही, तिनेच दाखवलं.

शनिवारी परत जायला तयार झाली आहे. मिस्टरांनाही औदुंबर आणि सातपूरकर यांचे प्रतिसाद वाचायला दिले. ते काही बोलले नाहीत. रात्री मात्र तिला विचारत होते, की शाळेत तू ती वाळकी पानं गोळा करायचीस त्या वहीचं काय झालं.

दोन_पिल्लांची_आई

वाचतेय. मला औषधांबद्दल विचारायचं होतं. माझ्या १५ वर्षांच्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीनतेसाठी गोळी सुरू करायला सांगितली आहे. घरचे म्हणतात सवय लागेल, आयुष्यभर घ्यावी लागेल, मेंदू बधिर होईल. चिठ्ठी पर्समध्ये घेऊन पंधरा दिवस फिरतेय.

मनाचा_दवाखाना

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाबद्दल निर्णय त्याच्याच डॉक्टरांचा, मी फक्त सर्वसाधारण माहिती देतो.

सौम्य त्रासात बहुधा आधी बोलण्याची थेरपीच देतात. मध्यम किंवा तीव्र उदासीनता असेल, खाणं-झोप गेली असेल, थेरपीत मूल बोलूच शकत नसेल, तर गोळीची जोड लागते. या वयात सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध फ्लुओक्सेटिन. ही औषधं नशा आणत नाहीत, दारू-तंबाखूसारखी ओढ लावत नाहीत. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि लोक नेमके दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. मनानेच एकदम थांबवायची नाहीत, चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २००४ मध्ये या गटातल्या औषधांवर इशारा छापायला लावला, कारण काही मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले. म्हणून पहिले काही आठवडे मुलाकडे जास्त लक्ष हवं. अचानक बेचैनी, येरझाऱ्या, झोप उडणं, जिवाचं काही बोलणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गोळ्यांची पाकिटं घरातल्या मोठ्या माणसाकडे, कुलपात. पण न घेतलेल्या उपचारालाही धोका असतो, तो चिठ्ठीवर छापलेला नसतो. पंधरा दिवस झालेत, उद्या डॉक्टरांना भेटून मनातल्या सगळ्या शंका विचारा.

विम्याबद्दल पुष्कळांना माहीत नसतं: २०१७ च्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २१ मध्ये, मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरलाय का ते तपासून बघा.

संपादक

सदस्यांना विनंती, नाशिकमधल्या समुपदेशकांची, डॉक्टरांची, क्लासची नावं आणि फोन नंबर धाग्यावर देऊ नयेत. व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारा. शासकीय मदतवाहिन्यांचे नंबर राहू देत आहोत.

निफाडचा_बागाईतदार

खडूफळा सरांनी लिहिलेलं, की ज्याच्याबद्दल सांगायचं तो त्याच पंधरातला असतो, ते वाचून चार दिवस काही लिहिलं नाही.

आमच्या भावकीत एक पोरगा होता. नाव-गाव लिहीत नाही. गारपीट झाली त्या साली त्याच्या बापाची बाग झोपली, आणि पोरगं गप्प झालं. सगळे बापाकडे बघत होतो. पोराला कुणी विचारलं नाही, मीही नाही. त्याने शाळा सोडली, पुण्याकडे गेला, आता कुठे असतो ते त्याच्या आईलाही नीट माहीत नाही. पारावर तोही आमच्या शेजारीच बसायचा.

मला अजूनही वाटतं घरातली माणसं बोलती असली तर निम्मं काम होतं. पण ते १४४१६ आमच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहून आलोय.

सातपूरकर

काका, +१. निम्मं घरच्यांनी, निम्मं त्या खोलीत. आमच्याकडे तसंच झालं.

गोदातीर (धागाकर्ती)

तीन महिन्यांनी लिहितेय. तिला विचारून.

आतापर्यंत अकरा भेटी झाल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. डिसेंबरात एक आठवडा पुन्हा पूर्ण घरी गेला, तेव्हा मला वाटलं, केलेलं सगळं पाण्यात. बाईंनी सांगितलं की पायरी मोठी आखली गेली, पुन्हा छोटी करू. पायऱ्या अशा होत्या: आधी सिटीलिंकच्या बसने क्लासच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि समोरच्या बसने परत यायचं. चार दिवस तेवढंच. मी सोबत, पण दोन सीट मागे. मग एकटी. मग आत, शेवटच्या बाकावर, घड्याळ लावून वीस मिनिटं. जानेवारीच्या थंडीत, पारा आठ-नऊवर असताना, ती सकाळी सहाला स्वतः उठून बूट घालत होती. पोट दुखतंच होतं. ती पोटावर हात ठेवून म्हणायची, "दुखू दे, पंधरा मिनिटांत उतरेल," आणि निघायची.

यादीबद्दल आम्ही सहा पालक मिळून गेलो. मुलीने हो म्हटल्यावरच. आधी टोलवाटोलवी झाली. खडूफळा सरांनी सांगितलेल्या तत्त्वांची प्रत पुढे ठेवल्यावर यादी दारावरून निघाली, आता मार्क ज्याचे त्याला कळतात. बॅचेस अजून तशाच आहेत. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

नीट द्यायची की नाही हे तिने ठरवलेलं नाही. वनस्पतिशास्त्राचं नाव मध्येमध्ये निघतं. तिच्या पप्पांनी वाळक्या पानांची ती वही माळ्यावरून शोधून काढली. आता रविवारी सकाळी दोघं पांडवलेणीच्या पायथ्याशी जातात आणि कसली कसली पानं घेऊन येतात. माझा पेपर रोज त्यात दाबला जातो.

दोन_पिल्लांची_आई, तुमच्या मुलाचं कसं चाललंय? व्यनि करा, वाट बघतेय.

दर शनिवारी मी त्याच खुर्चीवर बसते. पहिल्यासारखे कान लावत नाही. घरून मटार किंवा मेथी घेऊन जाते, पाऊण तासात एक जुडी निवडून होते. तिथे येणाऱ्या आणखी एक ताई आहेत, आता त्याही आपली भाजी घेऊन येतात.

येत्या शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं तिने मला आत बोलावलंय. तिला मला काहीतरी सांगायचंय आणि ते बाईंसमोर सांगायचंय. मी घाबरले आहे हे तिला कळलं असावं, कारण काल रात्री तिने एक चिठ्ठी दिली. त्यात तीन वाक्यं आहेत. ऐकून झाल्यावर आईने यातलंच एक म्हणायचं, दुसरं काही नाही, असं वर लिहिलंय. वाक्यं इथे लिहीत नाही. तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली.